निनावी मेसेज की भर मांडवात ‘थांबा’?

नाटकाची दिशा प्रेक्षकांनी ठरवायची, तर दोन वाटा आहेत. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात घडवलेल्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक ‘थांबा’ म्हणतो, मंचावर चढतो आणि पात्राच्या जागी स्वतः उभा राहून प्रसंग बदलून दाखवतो. दुसऱ्या वाटेत तो खुर्चीतूनच फोनवरून निनावी मेसेज धाडतो. नट तो वाचून पुढचा संवाद रचतात.

गोव्यातल्या गावांत मला दुसरी वाट जास्त गरजेची वाटते. देवळासमोरच्या मांडवात सासू, दीर, शेजारीपाजारी सगळेच बसलेले असतात. नवऱ्याच्या दारूचा प्रसंग रंगात आला असताना कुठली सून उठून मंचावर जाईल? अंधारात दोन ओळी मात्र ती लिहू शकेल. आणि आयत्या वेळी संवाद रचणं आपल्याकडे नवं नाही. पेडण्याकडच्या पारंपरिक दशावतारात नट लिखित संहितेशिवायच बोलत आलेत.

धोका आहे तो चिखलफेकीचा. नाव लपलं की कुणीही कुणाबद्दल काहीही लिहील. म्हणून मेसेज थेट पडद्यावर दाखवू नयेत. आधी एकाने वाचून गावातली नावं गाळावीत. फोरममध्ये बोलणारा समोर दिसतो, त्यामुळे ही भीती कमी. कॉलेजातल्या मुलांसाठी मी फोरमच निवडेन.