हायलाइन संचाचा आठ महिन्यांचा अनुभव : पट्टे उत्तम, फिरक्या उत्तम, दोर मात्र बदलावाच लागला

जंगलातील मुक्कामतळावर रात्री घोडे बांधण्यासाठी मी आठ महिन्यांपूर्वी हायलाइनचा, म्हणजे दोन झाडांमध्ये उंचावर ताणून त्याला घोड्यांची दावी बांधायच्या दोराचा, तयार संच घेतला. आजवर माझ्या दोन्ही घोड्यांनी त्यावर एकूण २६ रात्री काढल्या आहेत. त्यांतल्या एका रात्री माझी कुमैत (तांबूस-तपकिरी रंगाची) घोडी जायबंदी झाली. त्या प्रकारावर कंपनीशी पाच आठवडे पत्रव्यवहार चालला आणि परवा अखेर त्यांच्याकडून बदली दोर आला. तो पुन्हा त्याच नायलॉनचा निघाला, तेव्हा हा अनुभव सविस्तर लिहायचे मी ठरवले. संचात झाडांना गुंडाळायचे पट्टे, दोर, तो ताणून धरणारे दातेरी रॅचेट आणि दावी बांधायच्या गोल फिरणाऱ्या कड्या, म्हणजे फिरक्या, असतात. हायलाइन कशी बांधतात हे घोडे घेऊन मुक्कामाला जाणाऱ्यांना ठाऊक असते, म्हणून ते सांगत बसत नाही. माझे म्हणणे मुख्यतः दोराविषयी आहे.

पहिल्या तीन मुक्कामांत मला या संचात खोट काढायला जागा सापडली नव्हती. हवा कोरडी होती, झाडे हव्या त्या अंतरावर होती आणि रॅचेटमुळे दोर ताणायला पाच मिनिटेही लागत नव्हती. मी हायलाइन जमिनीपासून सव्वादोन मीटर उंच बांधते आणि दाव्याची लांबी अशी ठेवते, की घोड्याला मान खाली घालून जमिनीवरची वैरण खाता यावी, पण मान वर केल्यावर दाव्याचा झोल गुडघ्याखाली जाऊ नये. या दोन गोष्टींमध्ये फार तर वीतभर अंतर असते आणि रात्रीची सगळी सुरक्षितता त्या वीतभर अंतरावर अवलंबून असते. दावे आखूड बांधले तर घोडा नीट खात नाही आणि आडवाही होत नाही. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेऊ शकतो हे खरे असले, तरी गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. उलट दावे लांब झाले, तर त्यावरून पाय पलीकडे जायला क्षणही पुरतो.

चौथ्या मुक्कामात नेमके तेच घडले. संध्याकाळी आभाळ स्वच्छ होते, मध्यरात्रीनंतर मात्र बारीक पाऊस सुरू झाला. पहाटे साडेतीनच्या सुमारास खुरांचा धडधडाट आणि घोडीचे गुदमरल्यासारखे फुरफुरणे ऐकून मी धावत बाहेर आले. संध्याकाळी सव्वादोन मीटरवर असलेला दोर मधोमध माझ्या कपाळाला लागत होता. घोडीचा डावा पुढचा पाय दाव्यावरून पलीकडे गेला होता, आणि ती पाय ओढी तसतशी डोक्याला बांधलेली म्होरकी तिची मान खाली खेचत होती. दाव्याची गाठ झटक्यात सुटणारी होती, पण ओली होऊन आणि घोडीच्या वजनाने आवळून ती दगडासारखी घट्ट झाली होती. म्होरकीतल्या आकड्यावर इतकी ओढ होती, की अंगठ्याने त्याची जीभ मागे सरकेना. शेवटी गालाजवळचे म्होरकीचे बक्कल सोडले, तेव्हा कुठे ती मोकळी झाली. पळून न जाता ती थरथरत माझ्या खांद्याला टेकून उभी राहिली, यासाठी मी तिची ऋणी आहे. खुराच्या वर मागच्या खोबणीत दोन बोटे रुंद कातडी सोलली गेली होती. पुढे तीन आठवडे तिच्यावर खोगीर चढवता आले नाही.

त्या रात्री मी सगळा दोष स्वतःकडे घेतला, कारण रॅचेट नीट बसले नसेल असे मला वाटले. सकाळी पाहिले तर रॅचेटचा एकही दात सरकला नव्हता आणि पट्टेही झाडावर होते तिथेच होते. शेजारच्या तळावर एक वयस्कर गृहस्थ दोन खेचरे घेऊन उतरले होते. त्यांनी दोर चिमटीत धरून पिळला आणि विचारले, “ताई, हा कोरडा असताना बांधलात ना? नायलॉन आहे हा. ओला झाला की सैल पडणारच.” मी म्हटले, “काका, पण संचावर तर हा खास घोड्यांसाठीचा दोर म्हणून लिहिले आहे.” त्यावर ते म्हणाले, “लिहिणाऱ्याने तो पावसात बांधून पाहिला असेल का?” त्यांचा स्वतःचा दोर पॉलिएस्टरचा होता. त्याच पावसात रात्रभर भिजूनही तो संध्याकाळसारखाच ताठ होता.

दोर किती सैल पडला आणि त्याने काय बिघडले याचा हिशेब मी घरी येऊन मांडला. तो मी प्रत्येक हायलाइनवाल्याला सांगते, कारण वरवर पाहता तो पटत नाही. दोन झाडांमध्ये ९ मीटर अंतर आहे असे धरा. एवढ्या अंतरात दोर फक्त साडेचार सेंटीमीटर लांबला, म्हणजे अर्धा टक्का वाढला, तरी मधोमध ओढ आल्यावर तो बिंदू ४५ सेंटीमीटर खाली येतो. काटकोन त्रिकोणाचे शाळेतले गणित करून कोणीही हे पडताळून पाहू शकेल. साडेचार सेंटीमीटरची वाढ डोळ्यांना दिसतही नाही. पण ४५ सेंटीमीटरने खाली आलेले दावे थेट गुडघ्याखाली लोंबते, आणि ते वीतभर अंतर केव्हाच संपलेले असते.

हे सगळे मी छायाचित्रांसह कंपनीला कळवले. पहिले उत्तर आले, “दोर अधिक घट्ट बांधावा.” या उत्तराचा मला आजही राग येतो, कारण तो सल्ला नुसता निरुपयोगी नसून घातक आहे. घोड्याने मधोमध १०० किलोची ओढ दिली आणि दोर ४५ सेंटीमीटर खाली आला, तर दोराच्या प्रत्येक बाजूवर सुमारे ५०० किलोचा ताण येतो. तोच दोर इतका घट्ट असला, की जेमतेम १५ सेंटीमीटर खाली यावा, तर तेवढ्याच ओढीला ताण सुमारे १५०० किलोवर जातो. दोर जितका सपाट, तितका झाड, पट्टा, रॅचेट आणि कड्या यांच्यावर येणारा भार जास्त. थोडा झोल असावाच लागतो. माझी तक्रार एवढीच होती, की संध्याकाळी ठरवून दिलेला झोल पहाटेही तेवढाच राहायला हवा. हे लिहून पाठवले, तर दोर ही झिजणारी वस्तू असल्याने ती हमीत बसत नाही, असे दुसरे उत्तर आले. माझा दोर झिजला नव्हता, तुटलाही नव्हता. तो नायलॉनच्या गुणधर्माप्रमाणेच वागला होता, आणि तो या कामासाठी निवडणे हीच चूक होती. नायलॉनची लवचीकता गिर्यारोहणात पडणाऱ्या माणसाचा झटका शोषून घेते, तिथे ती जीव वाचवते. रात्रभर एका ठरावीक उंचीवर राहायचे काम असलेल्या दोरात तीच लवचीकता नको असते.

पूर्ण नवा संच घेणे मला परवडणारे नव्हते आणि चांगले पट्टे नि फिरक्या टाकून देणे पटणारेही नव्हते. म्हणून मी तेवढ्याच जाडीचा, म्हणजे १२ मिलीमीटरचा, पॉलिएस्टरचा विणलेला दोर सुटा घेतला. त्याला संचाच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी खर्च आला. तो जंगलात नेण्याआधी दोन्ही दोरांचे चार-चार मीटरचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवले, छताच्या तुळईला टांगले आणि प्रत्येकाला २० लिटरचा भरलेला पाण्याचा डबा अडकवला. सकाळी नायलॉनचा डबा बोटभर खाली उतरलेला दिसला. पॉलिएस्टरच्या डब्याखाली भिंतीवर मारलेली पेन्सिलीची रेघ डब्याच्या बुडाला तशीच लागून होती. मला एवढा पुरावा पुरेसा होता.

मधल्या काळात, घोडीचा पाय बरा होत असताना, हायलाइनवरून माझे मन पूर्ण उडाले होते हेही सांगायला हवे. दोन मुक्काम मी बॅटरीवर चालणारे विजेचे कुंपण वापरले आणि काही दिवस तेच सरस मानत होते. घोडे मोकळे फिरतात, लोळतात, आडवे होतात, हे पाहून फार बरे वाटे. पण विजेचा झटका बसायला परिपथ जमिनीतून पूर्ण व्हावा लागतो. कोरड्या, रेताड, सुयांसारख्या पानांचा थर साचलेल्या जमिनीत भूसंपर्काची सळई नीट काम करत नाही. सळईभोवती दर दोन तासांनी पाणी ओतूनही माझ्या दुसऱ्या, तरण्या घोड्याने दुसऱ्या रात्री तार नाकाने ढकलून पाहिली, काही झाले नाही असे दिसताच तो बाहेर पडला आणि सकाळी चंदीच्या पोत्याशी उभा सापडला. ज्या जंगलात रस्ता जवळ आहे तिथे असा घोडा सकाळी सापडेलच याची खात्री नाही. मी हायलाइनवर परत आले ती या अनुभवानंतर. घरी तारेची सवय लावलेल्या घोड्यांसाठी आणि ओलसर जमिनीवर मात्र हे कुंपण चांगले चालते.

आता संचातील चांगल्या गोष्टींबद्दल. झाडाला गुंडाळायचे पट्टे पाच सेंटीमीटर रुंद आहेत आणि २६ रात्रींनंतरही त्यांच्या शिवणीचा एक धागा उसवलेला नाही. सकाळी पट्टा काढल्यावर मी दर वेळी सालीवरून तळहात फिरवून बघते, आणि आजवर एकाही झाडावर वळ उमटलेला नाही. झाड मात्र किमान २० सेंटीमीटर व्यासाचे आणि जिवंत असावे. नुसता दोर झाडाला बांधणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही, कारण साल कापली गेली की तिच्या आतून वाहणारे झाडाचे अन्नही तुटते. अनेक वनक्षेत्रांत रुंद पट्ट्याशिवाय झाडाला दोर बांधायला परवानगीच नसते, आणि तो नियम योग्य आहे.

फिरक्यांचे कौतुक मी आधी करायला हवे होते, कारण त्या माझ्या अपेक्षेपेक्षा खूप चांगल्या निघाल्या. तरणा घोडा रात्रभर गोल फिरतो आणि पूर्वी सकाळी त्याच्या दाव्याला इतका पीळ पडलेला असे, की लांबी हातभर कमी झालेली दिसे. आता पीळ पडतच नाही. दर तीन-चार मुक्कामांनंतर फिरकीत बारीक वाळू जाऊन ती कुरकुरू लागते. कोमट पाण्यात धुऊन, वाळवून तेलाचा एक थेंब सोडला की पुन्हा पहिल्यासारखी फिरते. आकडे मात्र मी बदलले. आता म्होरकीला ओढ असतानाही उघडणारे आकडे आहेत, आणि असे आकडे संचातच द्यायला हवे होते.

हायलाइन कुठे बांधायची यावरून मुक्कामाचा निम्मा त्रास ठरतो. मी घोडा दोन्ही टोकांच्या झाडांपासून तीन मीटर तरी दूर ठेवते, नाहीतर तो साल कुरतडतो आणि टापांनी मुळे उघडी पाडतो. ओढा किंवा तळे यांपासून किमान ६० मीटर अंतर ठेवते. निसर्गात आपली खूण मागे न ठेवता वावरायला शिकवणाऱ्या लीव्ह नो ट्रेस या संस्थेच्या मार्गदर्शनातही २०० फुटांचे अंतर सांगितलेले आहे, ते साधारण तेवढेच भरते. एक घोडा दिवसाला वीस किलोच्या आसपास लीद टाकतो. ती पाण्यात वाहून जाऊ नये, यासाठी एवढे अंतर आवश्यकच आहे. त्यामुळे पाणी वाहून आणावे लागते, आणि एका घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर लागते, तेव्हा घडीची बादली विसरू नये. निघताना मी लीद विखरून टाकते आणि खुरांनी पडलेले खड्डे भरून वरून पालापाचोळा पसरते. वैरणीबाबत एकच सांगते. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय वनांत तणबीजमुक्त म्हणून प्रमाणित केलेलेच गवत आणता येते. तसा नियम नसेल तिथेही मी तेच नेते, पण घोड्याला ते आठ-दहा दिवस आधीपासून थोडे थोडे मिसळून देते, कारण एकदम वैरण बदलली तर पोटशूळ होण्याची भीती असते.

पॉलिएस्टर दोर घेतल्यापासून ११ रात्री झाल्या आहेत, त्यांतल्या चार पावसाच्या होत्या. एका काठीवर खुणा करून मी संध्याकाळी आणि पहाटे दोराची उंची मोजते. माझ्या भावाला हा अतिरेक वाटतो, पण तो पाय सोलला गेला तेव्हा तिथे नव्हता. आजवर दोन्ही वेळच्या खुणांमध्ये चार बोटांपेक्षा जास्त फरक पडलेला नाही. सुरुवातीला मला भीती होती, की कमी ताणणारा दोर घोड्याच्या मानेला झटके देईल. तसे झाले नाही. मुद्दाम ठेवलेला झोल आणि दाव्याची लांबी झटका घ्यायला पुरेशी पडते. नवा दोर पहिल्या दोन रात्री थोडा बसतो, तेवढा दुसऱ्या दिवशी पुन्हा ताणून घ्यावा.

म्हणून हा संच घ्यायचा असेल तर मी पट्टे आणि फिरक्या सुट्या घ्यायला सांगेन, त्या सुट्या मिळतात. दोर दोरांच्या दुकानातून पॉलिएस्टरचा घ्यावा. कंपनीने पाठवलेला बदली दोर मी सामानावरची ताडपत्री बांधायला ठेवला आहे आणि घोड्यांपासून दूर राहावा म्हणून त्याच्या टोकांना लाल फीत गुंडाळली आहे.

गेल्या मुक्कामात रात्री दोन वाजता पाऊस आला आणि सवयीने साडेतीनला मला जाग आली. काठी लावून पाहिली तर दोर संध्याकाळच्या खुणेच्या दोन बोटे खाली होता. कुमैत घोडी पाय पोटाशी घेऊन, नाक जमिनीला टेकवून झोपली होती आणि दावे तिच्या मानेवरून सरळ वर गेलेले होते. दिव्याचा उजेड पडला तेव्हा तिने फक्त एक कान माझ्याकडे वळवला.