मंडईला मेट्रोने जा, वर आल्यावर मात्र सांभाळून

गाडी लावायला जागा नाही म्हणून पुण्याची मंडई सोडलेल्या सगळ्यांनी आता परत जाऊन बघाच. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडई स्टेशन थेट पेठांच्या पोटात आलं, कोथरूडहून येणार असाल तर जिल्हा न्यायालयाला लाईन बदलायची, बस. स्वच्छ, एसी, पार्किंगची कटकट शून्य.

मंडईची मेन बिल्डिंग अजूनही जबरदस्त आहे. १८८६ ची दगडी इमारत, मधे अष्टकोनी मनोरा, छत उंच त्यामुळे उन्हाळ्यातही आत बरं वाटतं. भाजी एक नंबर. घेवडा मागितला की गाळ्यावरच्या मावशी शेंग मोडून दाखवतात, कटकन मोडली तरच घे म्हणतात. ॲपवरून घरी येणाऱ्या पिशवीत हे मिळत नाही.

खरा प्रॉब्लेम स्टेशनातून वर आलं की सुरू होतो. फूटपाथवर पथारी, तिच्यापुढे टू व्हीलर, तिच्यापुढे रिक्षा, मग माणसाने चालायचं कुठून? पथारीवाल्यांना मी दोष देणार नाही, त्यांचं पोट आहे त्यावर आणि गिऱ्हाईक आपणच आहोत. पण पेठांचं काय झालं बघा ना, जुन्या कायद्याने भाडी गोठली म्हणून मालकांनी वाडे दुरुस्त केले नाहीत, १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे पडले, उरलेले एकेक करत बिल्डरकडे गेले, दोन मजल्यांच्या जागी पाच-सहा मजले, खाली दुकान, वर गोडाऊन, आणि गल्ली मात्र होती तेवढीच. प्रत्येक प्लॉटचा प्लॅन पास झाला, अख्ख्या पेठेचा विचार कुणी केलाच नाही. राहणारी माणसं निघून गेली की दारासमोर कचरा टाकणाऱ्याला हटकायलाही कोणी उरत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

करायचं ठरवलं तर जमतं हो! २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रोड गाड्यांना बंद ठेवतात, आजी-आजोबा रस्त्याच्या मधून आरामात चालत खरेदी करतात. हेच मंडईत आणि शेजारच्या तुळशीबागेच्या बाजारात निदान दर रविवारी तरी करा.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, कापडी पिशव्या न्या, तुळशीबाग शनिवार-रविवारी टाळा, लहान मुलांचा हात सोडू नका. व्हीलचेअरवर कोणी असेल तर सध्या नका नेऊ, लिफ्टने वर येता येतं पण पुढे खुर्ची सरळ जाईल असा सलग फूटपाथच नाही.