कॅन्सर पेशंटचं करता करता आपलंच डोकं फुटायला लागलं तर बोलायचं कोणाशी: दवाखाना, फोन, सरकारी ओपीडी की गावातली माणसं?

आपल्याकडं पेशंटची चौकशी करायला अख्खं गाव येतं, आणि जी बाई रात्रीतून तीनदा उठून नाकातल्या नळीतून पाणी देते तिला फक्त चहा ठेवायला सांगतं. तिला विचारलंच कोणी तर उत्तर ठरलेलं, "मले कायची धाड भरली, मी बरी हाओ". तर ज्यांना आतून कळतंय की आपण बरे नाही आहोत, पण जायचं कुठं हे ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे.

आधी दवाखान्यातलाच माणूस. नागपूरचं मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज, आरएसटी म्हणजे तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट), इकडं वर्ध्याजवळ सेवाग्राम, सावंगी, अशा मोठ्या ठिकाणी समाजसेवक नाहीतर काउन्सेलर असतो, सरकारीत त्याला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. लोक त्याच्याकडं फक्त फुले योजनेच्या (सरकारी मोफत उपचारांच्या) कागदांसाठी जातात आणि तिथूनच परत फिरतात. पण दवाखाना, फोन, ओपीडी, गाव या चौघांत तुमच्या पेशंटचा आजार त्याच्याइतका बाकी कोणालाच माहीत नसतो. आणि आपल्या घरांमधलं सगळ्यात मोठं ओझं म्हणजे पेशंटला न सांगणं, "साधी गाठ आहे, निघून जाईल" असं म्हणत सहा महिने तोंडावर हसू ठेवायचं, त्यात बहुतेक वेळा पेशंटला सगळं कळलेलंच असतं, तोही तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प. ही गाठ फोनवर सुटत नाही. डॉक्टर, समाजसेवक आणि घरचे एकत्र बसले तरच सुटते.

अडचण गर्दीची आणि पेशंट शेजारीच बसलेला असण्याची, त्याच्यासमोर काय बोलणार? केमोचं सलाईन कितीतरी तास चालतं, तेव्हा सोबतच्या कोणाला खाटेजवळ बसवा आणि तुम्ही जाऊन या. तोंडाच्या कॅन्सरला (आपल्या भागात खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची मेहरबानी) शेक म्हणजे रेडिएशन चालू असेल तर आठवड्यातून पाच दिवस असे सहा-सात आठवडे नागपुरातच मुक्काम पडतो, मग दर आठवड्याला एकाच काउन्सेलरला भेटणं जमू शकतं. पण केमो दर एकवीस दिवसांनी आणि गाव दूर असेल तर दवाखान्यावर अवलंबून राहू नका, मधल्या वीस रात्रींचं काय?

त्या रात्रींसाठी फोन. टेली-मानस, नंबर १४४१६, केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेली मानसिक आरोग्याची सेवा, फुकट, चोवीस तास, मराठी निवडता येते. पहिल्यांदा काउन्सेलर बोलतो, गरज वाटली तर पुढं मानसोपचार डॉक्टरशी जोडून देतात किंवा कुठं जायचं ते सांगतात. ना एसटीचा खर्च, ना पेशंटला कोणाच्या भरवशावर सोडायचं, ना गावात बोभाटा. दोन खोल्यांच्या घरात बोलता येत नाही हे खरं, मग लोक वावरात जाऊन बोलतात, तिथं रेंज बी येते! वाईट बाजू म्हणजे दरवेळी तोच माणूस मिळेल असं नाही, सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागू शकते, आणि तुमच्या पेशंटची फाईल त्याच्यासमोर नसते, तर "आता किती दिवस" असले प्रश्न तिथं विचारू नका, ते डॉक्टरलाच.

सरकारी ओपीडी म्हणजे जिल्हा रुग्णालयात नाहीतर मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग. "येड्याचा डॉक्टर" म्हणून लोक टाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, नुसतं रडू येतं किंवा रडूच येत नाही, तर बोलून भागेलच असं नाही, गोळी लागू शकते, आणि ती डॉक्टरनेच द्यायची. डिप्रेशनच्या गोळीचा फरक दिसायला दोन-चार आठवडे जातात म्हणून चार दिवसांत बंद करू नका. आणि पेशंटच्या झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळीतली अर्धी आपण घ्यायची, हे तर बिलकुलच नाही. घरी लाजत असाल तर बीपी दाखवायला चाललो म्हणा, काय बिघडतं.

जीव द्यावा असं मनात येत असेल तर वरची तुलना वगैरे सोडा, त्याच क्षणी १४४१६ लावा, घरातल्या एकाला तरी सांगा, आणि फवारणीचं औषध घरातून काढून दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

राहिली गावातली माणसं. आशाताई, बचत गटातल्या बाया, भजन मंडळ, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. यांच्याकडून हात मागा. दुपारी दोन तास कोणी पेशंटजवळ बसलं आणि तुम्ही झोपलात तर ते कुठल्याही काउन्सेलिंगइतकंच कामाचं आहे, खरंच. सोयाबीन काढणीच्या दिवसात तर आधीच वाटून घ्या, कोण कधी बसणार. पण मनातलं सगळं तिथं ओतू नका. "एवढं सांगितलं तरी खर्रा सोडला नाही, आता मी निस्तरू" हा राग फार जणांना येतो आणि लगेच त्याची लाजही वाटते, तो राग काउन्सेलरला सांगितला तर तिथंच राहतो, ओट्यावर सांगितला तर रात्रीपर्यंत पेशंटच्या कानावर. शिवाय ताट वेगळं ठेवा म्हणणारेही तिथंच भेटतात, कॅन्सर ताटातून लागत नाही हे त्यांना कोण सांगणार.

मी निवडायचं म्हटलं तर: गावात राहून करत असाल तर सुरुवात फोनने, आज रात्रीच. पुढच्या तारखेला नागपूरला गेलात की समाजसेवकाची वेळ. झोप आणि भूक गेली असेल तर या दोन्हींच्या आधी ओपीडी. बाप्या माणसाला "कोणाशी बोल" म्हटलं की तो उठून पानठेल्यावर जातो, त्याला समाजसेवकाकडं योजनेच्या कागदाच्या निमित्तानं पाठवा, बोलणं तिथं आपोआप निघतं.

अजून एक गोष्ट ठरवताना बघायची, ती म्हणजे पेशंट गेल्यावर काय. दवाखान्याची फाईल बंद झाली की तिकडं जाणं बहुतेक सुटतंच, तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं आणि नंतर कोणी येत नाही, झोप मात्र तेव्हाही येत नाही. फोन आणि ओपीडी तेव्हाही चालू असतात. पेशंट पॅलिएटिव्हवर, म्हणजे फक्त त्रास कमी ठेवायच्या उपचारांवर असेल तर तिथल्या टीमला आत्ताच विचारून ठेवा की नंतर घरच्यांशी बोलता का, काही ठिकाणी बोलतात, पण बहुतेक विचारणाऱ्यालाच कळतं.