प्रोटेक सीएलपी: फुगलेल्या सांध्यांना चालतं, कळकलेल्यांना नाही

नाशिकमध्ये देवळाली कॅम्प किंवा शरणपूर रोडवरच्या जुन्या घरातला उभा पियानो पावसाळ्यात जड होतो. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते, पण मागे यायला वेळ लावते. त्यावर सर्रास सुचवलं जाणारं वंगण म्हणजे प्रोटेक सीएलपी.

प्रत्येक स्वरामागे हातोडी, विपन (पट्टीची हालचाल वर नेणारा भाग), जॅक (हातोडीला ढकलणारा भाग) आणि डॅम्पर (तारेचा आवाज थांबवणारा भाग) अशा सांध्यांत सुमारे १.३ मिमी जाडीची पितळी पिन नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) बुशिंगमध्ये, म्हणजे भोकाच्या अस्तरात, फिरते. नमदा ओल धरून फुगला आणि पिनेला आवळून बसला, एवढंच असेल तर सीएलपी उत्तम काम करतं.

आधी हातोडी बोटाने ढकलून सोडा. ती झटकन परतली, तर दोष बहुधा पट्टीत आहे, तिथे वंगण घालू नका. मंद सांध्यांना खडूने खूण करा. मेडिकलमधून १ मिलीची इन्सुलिन सिरिंज आणा आणि पिन जिथे नमद्यात शिरते तिथे दोन्ही बाजूंना एकेकच थेंब सोडा. रात्रभर थांबून पट्टी वीस-पंचवीस वेळा वाजवा. ८८ स्वरांचे ३००च्या वर सांधे होतात, सरसकट भिजवण्यात अर्थ नाही. शिलाई मशीनचं तेल तर मुळीच नको: ते नमद्यात मुरतं, धूळ धरतं, घट्ट होतं आणि लाकडात उतरतं. तारा ताणून धरणाऱ्या ट्यूनिंग पिनांजवळ कुठलंच वंगण जाऊ देऊ नका, त्या ढिल्या पडून सूर उतरतो.

चार दिवसांनी पुन्हा मंद झालं, तर एक पिन बाहेर काढून बघा. तिच्यावर हिरवा चिकट थर दिसला की सीएलपीचा उपयोग संपला. पितळेच्या भांड्यात आंबट कळकतं ना, तसंच इथे होतं: काही कारखान्यांत पूर्वी नमद्याला मेण किंवा चरबी लावत, त्यातली आम्लं पितळेतल्या तांब्याशी मिळून हा थर तयार करतात. स्टाइनवे कंपनीच्या जुन्या ग्रँड पियानोंमध्ये तर ही खोड प्रसिद्धच आहे. वंगणाने हा थर तात्पुरता मऊ पडतो, जात नाही. जुनी पिन काढून बुशिंग रीमरने (भोक घासून साफ करणाऱ्या बारीक हत्याराने) साफ करा, मग अर्धा नंबर जाड पिन घाला, म्हणजे २० नंबरची होती तर साडेवीस. नमदाच हिरवा आणि कडक असेल, तर बुशिंग नवीन बसवा किंवा फ्लँजच (सांध्याचा बुशिंग असलेला लाकडी तुकडा) बदला. कळक नमद्यात उरला, तर नवी पिनही अडकू लागेल.

पट्टीखालच्या पिना गंजल्या असतील, तर आधी त्यांवरच्या कापडी आणि कागदी चकत्या क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवा, मग मेटल पॉलिश लावून कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. चकत्यांचा क्रम चुकला तर पट्ट्यांची उंची बिघडते.