साउंडबॉक्स : नऊ महिने गल्ल्यावर ठेवल्यावर

कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या निपाणीत बस स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं किराणा दुकान. 2024च्या दिवाळीत गल्ल्याशेजारी साउंडबॉक्स, म्हणजे यूपीआयचे पैसे आले की बोलून सांगणारा हा डबा ठेवला. बसवून देणाऱ्या पोरानं तो कन्नडवर लावून ठेवला होता. 'ऐवत्तु रूपायी' ऐकलं की सीमेपलीकडच्या कागलकडचं गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघायचं. मग मराठी केली. आता तो 'पन्नास रुपये प्राप्त झाले' म्हणतो. प्राप्त! गल्लीतली पोरं त्याची नक्कल करतात.

फायदा मात्र खरा. पूर्वी गर्दीत लोक मोबाईल नुसता नाचवून 'गेलं बघा' म्हणत सटकायचे आणि रात्री हिशेबात दोन-तीनशे कमी पडायचे. ते बंद झालं. सुट्ट्याऐवजी चॉकलेट देणंही संपलं. पावसात रेंज गेली की डबा मुका होतो आणि दहा मिनिटांनी सगळ्यांचे पैसे एकदम ओरडून सांगतो, तेवढं चालवून घ्यायचं. यूपीआयवर 2020पासून दुकानदाराला कमिशन पडत नाही, पण डब्याचं भाडं पडतं. मार्चमध्ये ते दोनदा कापलं. परत मिळायला सतरा दिवस आणि किती फोन, विचारू नका.

जुलैत बेंगळुरात यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा आमच्या ओळीतल्या दोघांनी क्यूआर भिंतीकडं तोंड करून ठेवला. मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची, आम्ही त्याच्या आसपासही नाही. पण भीतीला आकडा कळतोय होय?

डब्याला न दिसणारं गिऱ्हाईक वेगळंच आहे. आमच्याकडं घरोघरी बायका विड्या वळतात. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 रुपये बाईच्याच नावावर येतात, पण मोबाईल पोराच्या खिशात. म्हणून पैसे काढायला शेजारच्या दुकानात आधारच्या मशीनवर अंगठा. परवा एक मावशी आलेल्या. पानं कातरून, दोरा ओढून बोटं गुळगुळीत झालेली. अंगठा पदराला पुसला, केसांवरनं फिरवला, चार वेळा लावला, मशीन घेईना. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटानं काम झालं. तिथनं त्या नोटा घेऊन माझ्याकडं आल्या, तेल-साखर रोखीनं घेतली. डबा गप्प.

डब्यातली उलाढाल बघून मला अ‍ॅपवर कर्जाची ऑफर आली, रोज खात्यातनं हप्ता कापून. माझी निम्मी विक्री रोखीची, म्हणजे त्यांच्या लेखी माझं दुकानही निम्मंच. मावशींची तर कुठंच नोंद नाही. त्यांच्या दारात गटाच्या कर्जाचा हप्ता मागायला माणूस येतो. त्या वसुलीच्या जाचावर सरकारनं फेब्रुवारीत वटहुकूम काढला, त्याच्या आधी काय काय झालं ते आम्ही ओट्यावर बसून बघितलंय.

मी कर्ज पतसंस्थेतनं घेतलं, पिग्मीवर, म्हणजे रोज दुकानात येऊन थोडी थोडी गोळा करून नेतात त्या बचतीवर. ही पिग्मी याच राज्यातल्या किनाऱ्याकडच्या सिंडिकेट बँकेनं 1928ला सुरू केलेली. पिग्मीवाला रोज संध्याकाळी येतो, नोटा मोजतो, गर्दी किती हे डोळ्यांनी बघतो. त्याला माझं दुकान पूर्ण दिसतं.

डबा परत करणार नाही. फक्त समोरच्या वैनी स्वतःच्या मोबाईलवरनं पैसे देतात आणि मागं सासूबाई उभ्या असतात, तेव्हा त्या हळूच खूण करतात. मी आवाजाचं बटण खाली दाबतो.