शब्बाथची प्लाता: दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या जुलैत नणंद इस्राएलमधल्या अश्दोदहून ठाण्याला आली, तेव्हा तिच्या बॅगेत दोन टॉवेलांत गुंडाळलेली एक चपटी, जड वस्तू होती. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही इस्त्री आहे की तवा?"

तर ही प्लाता. तिकडे ज्यूंच्या घराघरांत असते. वर सपाट पत्रा, खाली कॉइल, चार पाय आणि एक वायर. बटण नाही, तापमान कमी-जास्त करायची सोय नाही. प्लग लावला की तापते, काढला की थंड होते. बटण मुद्दामच ठेवलेलं नाही. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, विस्तव पेटवायचा नाही, मोठा करायचा नाही आणि शिजवायचंही नाही. आधीच शिजलेलं अन्न आधीपासून तापत असलेल्या जागी गरम राहिलं तर चालतं. बटण असतं तर सवयीनं हात गेलाच असता.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आडनावात कोकणातलं गाव आणि पुढे 'कर', त्यामुळे ऑफिसात अर्ध्या लोकांच्या लक्षातही येत नाही. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. मी अकाउंट्समध्ये आहे. माझा घाणा शनिवारी बंद असतो, पण व्हॉट्सॲप ग्रुप चालूच असतो. आणि खरं सांगायचं तर आमचं घर फार काटेकोर नाही. लिफ्ट वापरतो, अडलं तर फोन उचलतो. पण शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लागल्यावर गॅस पेटत नाही, हा आईंचा नियम आहे आणि तो मोडायची घरात कोणाची छाती नाही.

आधी काय करायचो? कॅसरोल. त्यात दोन तास ठीक जातात, मग सगळं कोमट आणि ओलसर. एक वर्ष गॅसच्या बारीक आचेवर जाड लोखंडी तवा ठेवून त्यावर पातेली ठेवली. एका शुक्रवारी वाऱ्यानं ज्योत विझली आणि वास सगळ्यात आधी शेजारच्या काकूंना आला. त्यानंतर ते बंद.

पहिली अडचण प्लगची. व्होल्टेज दोन्हीकडे २३० आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे तिथली वस्तू इथे चालते. पण त्यांच्या प्लगच्या पिना आपल्या सॉकेटमध्ये जात नाहीत. अ‍ॅडॅप्टर लावून एकदा चालवली तर अ‍ॅडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापला. मागे १००० वॅट लिहिलंय, आणि ती चार-चार तास सलग चालते. इलेक्ट्रिशियनकडून प्लग कापून १६ अँपिअरचा लावून घेतला आणि गीझरसारखा वेगळा पॉइंट दिला. कोणी आणणार असाल तर हे पहिल्या दिवशीच करा. वीज म्हणाल तर शुक्रवारी चार तास, शनिवारी दुपारी तीन तास. आठवड्याला साधारण सात युनिट. आमच्या बिलात महिन्याला तीनशेच्या आसपास भर पडली.

आता स्वयंपाक. नणंदेनं सांगितलं होतं, "काहीही ठेव, गरम राहतं." तिच्या घरी बटाटे, कोंबडी आणि भात असतो, तिचं खरं आहे. आमच्याकडे शुक्रवारी माशाचं किंवा चिकनचं सांबारं असतं आणि त्यात नारळाचं दूध. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नारळच लागतो. पहिल्याच आठवड्यात ते सांबारं फुटलं. वर तेल, खाली चोथा. पुढचे दोन शुक्रवारही तेच. मग कळलं की पत्र्याचा मधला भाग सगळ्यात जास्त तापतो आणि कोपरे मवाळ असतात. आता दाट दूध अगदी शेवटी घालते, एक वाफ आणते, आणि पातेलं कोपऱ्यात एका उपड्या स्टीलच्या ताटलीवर ठेवते. तेव्हापासून एकदाच फुटलं, तेही मुलानं पातेलं 'नीट' मध्यभागी सरकवलं म्हणून.

वरण आटतं, म्हणून ते पातळच करायचं. भाताला काही होत नाही, उलट खाली जी खरपूड धरते तिच्यावरून मुलांची भांडणं. गोल बुडाची कढई बाद; सपाट बुडाचीच पातेली लागतात, आणि माझ्याकडे अशी दोनच होती. चपाती ठेवलीत तर वीस मिनिटांत पापड. आमच्या घरी हमोत्सीला, म्हणजे जेवणाआधीच्या भाकरीच्या आशीर्वादाला, दोन चपात्याच असतात, त्यामुळे हा प्रश्न मोठा होता. उपाय आईंचा: चपात्या धोतराच्या कापडात, कापड डब्यात, आणि डबा भाताच्या झाकणावर. प्लेटला टेकवायचाच नाही.

बगदादी ज्यूंकडे हमीन म्हणून रात्रभर मंद शिजत राहणारा कोंबडी-भात असतो. त्यासाठी ही अगदी योग्य. मी एकदा केला. घरातल्यांचं मत: "खिमट छान झालंय." पुन्हा नाही.

टायमरबद्दल वेगळं लिहायला हवं. प्लेट रात्रभर चालू ठेवायची माझी तयारी नव्हती, म्हणून सुरुवातीला गोल चकतीचा, खटके दाबायचा साधा टायमर घेतला. एक खटका पंधरा मिनिटांचा. ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी चाळीस मिनिटं वीज गेली. चकती विजेवर फिरते, त्यामुळे तीही चाळीस मिनिटं थांबली आणि पुढे सगळं तेवढंच उशिरा. शनिवारी दुपारी सिनेगॉगमधून उपाशी घरी आलो तर पुलाव थंडगार, प्लेट अजून झोपलेली. टायमरला हात लावायचा नाही, म्हणून सगळे समोर खुर्च्या टाकून बसलो. नंतर आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घेतला, वीज गेली तरी त्याचं घड्याळ चालू राहतं. शनिवारसाठी आम्ही फक्त कोरडे पदार्थ, पुलाव किंवा कटलेट, फ्रिजमधून काढून प्लेट बंद असतानाच वर ठेवतो. मग टायमर आपल्या वेळेला सुरू होतो. रस्सा असा पुन्हा तापवायचा नाही. "उतरवलं ते उतरवलं," आई म्हणतात. वेगवेगळ्या घरांत वेगवेगळं मानतात, आपापल्या थोरांना विचारावं. हो, आणि दार उघडल्यावर दिवा लागू नये म्हणून आमच्या फ्रिजच्या दिव्याच्या खटक्यावर शुक्रवारी चिकटपट्टी असते. पाहुणे विचारतात, बिघडलाय का?

हिच्यामुळे वेळ वाचतो का? नाही. उलट आहे. हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

नणंदेच्या गावात शुक्रवारी दुपारनंतर दुकानं मिटू लागतात, बसगाड्या थांबतात, मुलं दुपारीच शाळेतून घरी. सगळं गावच घराकडे पळत असतं, आणि ही वस्तू त्या गावासाठी बनलेली आहे. माझा शुक्रवार वेगळा. साडेचारला मुलीचं पोहणं, पाचला मुलाचं हिब्रू वाचन (पुढच्या वर्षी त्याची बार मित्स्वा, म्हणजे तेराव्या वर्षीचा धर्मसंस्कार आहे), मी विक्रोळीत, आणि सहा वाजता अर्धं ठाणं घोडबंदर रोडवर. दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लागायला हवा. जूनअखेर सूर्य सव्वासातच्या पुढे-मागे मावळतो, तेव्हा निभतं. नोव्हेंबर संपताना तो सहाला मावळतो, म्हणजे पावणेसहाच्या आत सगळं शिजून प्लेटवर. त्या वेळी मी फार तर मुलुंडला पोचलेली असते.

म्हणून सगळा स्वयंपाक गुरुवारी रात्री. मुलीचा गृहपाठ, मुलाचे फुटबॉलचे मोजे आणि खोबऱ्याचं वाटण, सगळं एकाच ओट्यावर. अकरा वाजता वाटण फ्रिजमध्ये, शुक्रवारी पहाटे साडेपाचला मासे. संध्याकाळी आई फक्त गरम करून प्लेटवर ठेवतात. हिवाळ्यात दिवाही त्याच लावतात. दहा महिन्यांत हिवाळ्याचे आठ शुक्रवार मी दिव्यानंतर घरात शिरले. चपला काढताना तेलातली वात दिसायची आणि आत काळ्या मनुकांच्या शरबताचा पेला भरून ठेवलेला.

पण जेवायला बसते ती सगळ्यांबरोबर. आमच्यासारख्या घरांत 'गरम गरम' वाढणारी बाई शेवटी बसते, हे तुम्हाला सांगायला नको. लग्नानंतरची चौदा वर्षं मी किद्दूश, म्हणजे शरबताच्या पेल्यावरचा शब्बाथचा आशीर्वाद, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकला, एक कान दिव्याआधीच चढवलेल्या कुकरकडे. आता ओट्याशी करण्यासारखं काही उरतच नाही. पहिले काही आठवडे मी तरी उठत होते, कशाला ते मलाच माहीत नाही. मुलगी म्हणाली, "आई, बस ना, काही वाजलं नाही."

सणांना? रोश हशानाला, म्हणजे ज्यूंच्या नववर्षाला, आईंच्या भाषेत नव्याच्या सणाला, दोन दिवस भरपूर उपयोग झाला. चिकाचा हलवा मात्र गॅसवरच घोटावा लागतो, तिथे कोणतंही यंत्र कामाचं नाही. बिरड्याच्या रोज्याला, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक पाळायच्या दिवशी, उपास सोडायला बिरडं गरम राहिलं. मलिद्याला, म्हणजे देवाचे आभार मानायच्या थाळीला, हिची गरजच नाही. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, फळं, सगळं थंड. पेसाखला, म्हणजे खमीर वर्ज्य असलेल्या सणाला, पत्र्यावर नवी जाड फॉइल घातली आणि झालं.

कुरबुरी आहेत. पत्र्यावर काही सांडलं तर ते जळून बसतं, घासलं तर ओरखडे. फॉइल घालावीच लागते. पायांनी ओट्याच्या ग्रॅनाइटवर चार डाग पाडलेत, आता खाली लाकडी पाट असतो. तापली आहे की नाही हे बघून कळत नाही. लाल दिवा आहे, पण तो मागच्या बाजूला, भिंतीकडे. लहान मूल घरात असेल तर ओट्याच्या आतल्या कडेलाच ठेवा. आणि जुलैच्या पावसात मुलानं तिच्यावर बूट वाळवले. बंद होती, पण आईंनी ती चार वेळा पुसली आणि तो शुक्रवार कॅसरोलवर काढला.

ज्यू नसाल आणि घरात वेगवेगळ्या वेळी जेवणारी माणसं असतील, तरी उपयोगी आहे. पण तुम्हाला गॅस पेटवायला कोणी अडवत नाही, तेव्हा दोन मिनिटांत गरम करून घेणं स्वस्त पडेल.

परवा नणंदेचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत येतेय, काय आणू म्हणाली. मी सुका मेवा म्हणणार होते. आईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "याहून मोठी आण," म्हणाल्या, "माशाचं पातेलं कडेला लटकतं."