फ्रीबीएसडीच्या सेटिंग फाइली: नऊ महिन्यांनंतर

बुधवार पेठेत आमचं डीटीपी आणि छपाईचं छोटं दुकान आहे. प्रूफांच्या खोलीत, कागदाच्या रिमांना टेकून एक टॉवर उभा असतो. तापकीर गल्लीतून जुना घेतलेला, १६ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या. दिवाळी अंकांची पानं, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, सगळं त्याच्यावर. जुलै २०२४ मध्ये त्यावरची लिनक्स काढून मी फ्रीबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली मोफत संगणक प्रणाली) १४.१ टाकली, जानेवारीत १४.२ केली. झेडएफएस या तिच्या फाइल प्रणालीबद्दल (डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) लोक भरभरून लिहितात, त्यात मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते सेटिंगच्या फाइलींबद्दल, कारण या नऊ महिन्यांत सुख आणि मनस्ताप दोन्ही त्यांनीच दिलं.

आधी सुखाचं. आधीच्या मशीनवर नेटवर्कची सेटिंग एकीकडे, सेवांची दुसरीकडे, आणि मी दोन वर्षांपूर्वी नेमकं काय बदललं होतं हे शोधायला अर्धा दिवस जायचा. इथे बहुतेक सगळं 'आरसी.कॉन्फ' या एका फाइलीत. मशीनचं नाव, आयपी पत्ता, राउटर, एसएसएच (लांबून मशीनवर शिरण्याची सोय) सुरू करायचं का, सांबा (विंडोजच्या संगणकांना फाइली वाटणारी सेवा) सुरू करायचं का. माझी फाइल आजही २३ ओळींची आहे. मूळ ठरीव किमती (आपण काहीच सांगितलं नाही तर लागू होणारी सेटिंग) 'ईटीसी' या सेटिंगच्या फोल्डरामधल्या 'डिफॉल्ट्स' फोल्डरात याच नावाच्या दुसऱ्या फाइलीत असतात. ती शेकडो ओळींची, टिपांसकट, आणि तिला हात लावायचा नाही. वाचायची मात्र जरूर. मशीन आधी ती वाचतं, मग आपली, आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली असेल तर शेवटचं सांगणं खरं धरतं.

हे शेवटचं मला पहिल्याच आठवड्यात नडलं. प्रयोग करताना सांबा बंद ठेवणारी ओळ फाइलीच्या तळाशी राहून गेली होती, आणि मी वरची ओळ 'येस' करून करून थकले. तेव्हापासून साध्या बदलाला एडिटर उघडत नाही, 'सिसआरसी' ही कमांड वापरते. ती असलेली ओळ शोधून तीच बदलते, दुसरी ओळ वाढवत नाही. 'सिसआरसी -ए' दिलं की ठरीव किमतींपेक्षा वेगळं असं काय काय केलंय त्याची यादी समोर येते.

आणखी एक गोष्ट आवडली. मूळ प्रणालीच्या फाइली 'ईटीसी'त, आणि नंतर टाकलेल्या पॅकेजांच्या 'यूएसआर-लोकल-ईटीसी'त. सांबाची 'एसएमबी४.कॉन्फ' तिथेच. स्वयंपाकघरातला डबा आणि पाहुण्यांनी आणलेला डबा वेगळ्या फळीवर असावा तसं. सुरुवातीला महिनाभर चुकीच्या फळीवर हात जायचा, आता नाही.

आता मनस्ताप. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे दिवाळी अंकांची धांदल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुसरं नेटवर्क कार्ड लावलं, त्याचा पत्ता हातानेच कमांड देऊन चालू केला आणि 'आरसी.कॉन्फ'मध्येही एक ओळ घातली. कार्ड चाललं, मी विसरले. तीन आठवड्यांनी गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, यूपीएसने पाऊण तासात मान टाकली. दुपारी वीज आली, आणि मशीन सुरू होता होता मध्येच थांबलं. पडद्यावर एवढंच, की अवतरणचिन्हांची जोडी पूर्ण झालेली नाही, आणि आता कुठलं शेल (हाताने कमांड द्यायची साधी जागा) हवंय ते सांगा. दोन अंकांची पानं आत अडकलेली, एक संपादक बाहेर बाकावर बसलेले.

तक्रारीत दिलेला ओळक्रमांक फाइलीच्या शेवटचा होता. मी ती ओळ दहा वेळा वाचली, पुसून परत लिहिली. ती बरोबरच होती. आमच्याकडे प्रूफं वाचणारे काका निवृत्त शिक्षक आहेत, संगणकाला ते 'डबडं' म्हणतात. ते माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "अगं, नववी ओळ बघ. अवतरण उघडलंय, मिटलं कुठे?"

आणि खरंच, पत्त्यानंतरचं चिन्ह टंकायचं राहिलं होतं. ते नाही म्हणून यंत्राने दहाव्या ओळीचं उघडणारं चिन्ह मिटणारं धरलं, आणि तिथून पुढे प्रत्येक जोडी उलटी लागत गेली. शेवटी एक चिन्ह उरलं, तिथे ते रडलं. छापील मजकुरातही हे असंच होतं, हे काकांना माहीत, मला सुचलं नाही. शेलमध्ये जाऊन मूळ फाइल प्रणाली लिहिण्याजोगी केली, एक चिन्ह घातलं, मशीन पुन्हा सुरू केलं. काम दोन मिनिटांचं, गेले सव्वा दोन तास.

'आरसी.कॉन्फ' खरं तर शेलची स्क्रिप्ट आहे, म्हणजे शेलने ओळीने वाचायचा मजकूर. तुम्ही चूक करता तेव्हा ती काही बोलत नाही. ती बोलते पुढच्या वेळी कोणी वाचायला घेईल तेव्हा, म्हणजे बहुधा नेमकी वीज गेल्यावर. आता हाताने बदल केला की लगेच 'एसएच -एन' लावून फाइल तपासते. त्याने फाइलीतली कुठलीच ओळ अमलात येत नाही, फक्त व्याकरण बघितलं जातं. नेटवर्क बदललं असेल तर सवड असताना मशीन एकदा मुद्दाम बंद-चालू करते.

'एफएसटॅब'चंही (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) एक दुखणं निघालं. झेडएफएसमुळे ती जवळपास रिकामी असते, पण बॅकअपची यूएसबी डिस्क मी त्यात घातली होती. डिस्क घरी कोथरूडला नेलेली असताना मशीन सुरू केलं तर पुन्हा तेच शेल! त्या ओळीत 'फेलओके' लिहिलं की डिस्क नसली तरी गाडी पुढे जाते. शिवाय डिस्कला जीपीटी लेबल (डिस्कवरच लिहिलेलं कायमचं नाव) द्या, नाहीतर दुसरा पेनड्राइव्ह आधी लागला की नाव बदलतं.

पीएफ या फायरवॉलची 'पीएफ.कॉन्फ' लांबून बदलताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेणं हा प्रकार मी एकदाच केला. रात्री दहाला कोथरूडहून पेठेत. आता आधी 'पीएफसीटीएल -एनएफ'ने नियम तपासते, आणि दोन मिनिटांनी पीएफ बंद करणारी एक कमांड मागे लावून ठेवते. नियम बरोबर निघाले तर ती थांबवायची, चुकले तर दोन मिनिटं चहा. 'लोडर.कॉन्फ' कर्नल (प्रणालीचा गाभा) येण्याआधी वाचली जाते, 'सिसकंट्रोल'ची (कर्नलच्या बारीक सेटिंगची) फाइल नंतर. मी झेडएफएसने किती रॅम वापरायची याची मर्यादा 'लोडर.कॉन्फ'मध्ये लावली, बाकी तिला हात लावायची वेळ आली नाही.

सगळ्यात कमी कौतुक होतं ते 'पिरियॉडिक.कॉन्फ'चं. रोज पहाटे ३ वाजून १ मिनिटाला मशीन स्वतःची तपासणी करून रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याला, पत्र लिहितं. त्या फाइलीत झेडएफएसच्या स्थितीची आणि स्क्रबची (डिस्कवरचा सगळा मजकूर वाचून तपासण्याची) अशा दोन ओळी 'येस' केल्या. फेब्रुवारीत एका डिस्कवर चुका वाढताना दिसल्या, त्या याच पत्रात. डिस्क बदलली, काम थांबलं नाही.

१४.२ ला जाताना अद्ययावत करणाऱ्या साधनाने मी बदललेल्या फाइलींमधला फरक दाखवून 'हे ठीक वाटतं का?' असं विचारलं. घाईत 'हो' म्हणू नका. एसएसएचच्या फाइलीतली माझी ओळ शिल्लक आहे ना, हे मी डोळ्यांनी बघितलं, मगच पुढे गेले.

मॅन पानांना, म्हणजे मशीनमध्येच असलेल्या माहितीपुस्तिकेला, मात्र तोड नाही. 'मॅन आरसी.कॉन्फ' उघडलं की प्रत्येक ओळीचा अर्थ तिथेच सापडतो. इंटरनेट बंद असतानाही.

ज्याला खिडक्या उघडून टिचक्या मारायची सवय आहे त्याला हे जमणार नाही, आणि मी कोणाला आग्रहही करत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर 'आरसी.कॉन्फ' आता एका ए-४ कागदावर छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. बदल झाला की नवा कागद. तिसरी प्रत चालू आहे. लावण्याआधी ती काकांच्या टेबलावरून जाते. अर्थ त्यांना कळत नाही, चिन्हं मात्र ते मोजतात.